सुवर्ण जिंकलं, मग रेल्वेच्याच पोरांना शिकवलं : हॉकीपटू किशनलाल
गोंदिया : आपलं गोंदिया रेल्वेचं जंक्शन. म्हणून रेल्वेच्या या खेळाडूची गोष्ट आपल्या पोरांना सांगायलाच हवी.

किशनलाल यांचा जन्म १९१७ चा, महूचा. लहानपणी पोलोचं वेड. हॉकी स्टिक हाती आली चौदाव्या वर्षी. पुढे ते बीबीसीआय रेल्वेकडून खेळले.

१२ ऑगस्ट १९४८. लंडनचं वेम्बली मैदान. किशनलाल कर्णधार. वर्षभरापूर्वीपर्यंत आपल्यावर राज्य करणाऱ्या ब्रिटनला भारताने त्यांच्याच घरात ४-० ने हरवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण!

खेळणं थांबलं, पण मैदान सुटलं नाही. किशनलाल रेल्वेच्याच संघाचे प्रशिक्षक झाले. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८० साली मद्रासला त्यांचं निधन झालं.

गावात जुना खेळाडू असेल, तर पोरांना त्याच्याकडे नक्की पाठवा.