मोकळ्या तासाची अर्धी गोष्ट

दहावीत एका मोकळ्या तासाला इंग्रजीच्या बाईंनी ‘डॉक्टर झिवागो’ची गोष्ट सांगितली होती, आठवते का? रशियन क्रांतीच्या वावटळीत युरी आणि लारा भेटतात आणि कायमचे दुरावतात, एवढेच तेव्हा समजले. मागच्या बाकांवर आम्ही काही जण हसलोही होतो. ती कादंबरी लिहिणाऱ्याचे आयुष्य मी फार उशिरा वाचले.

बोरिस पास्तरनाक यांचा जन्म १८९० सालचा, मॉस्कोतला. वडील नामवंत चित्रकार, आई पियानोवादक. बोरिस आधी संगीत शिकले, मग तत्त्वज्ञान. दोन्ही सोडून कवितेकडे वळले. क्रांतीनंतर, १९२१ साली आईवडील आणि बहिणी जर्मनीला गेल्या. बोरिस मायदेशीच राहिले. १९२३ नंतर आईवडिलांची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

स्टालिनच्या काळात स्वतःचे लेखन छापणे कठीण झाले, तेव्हा शेक्सपिअर आणि गटे यांच्या अनुवादांवर त्यांनी घर चालवले. १९४६ मध्ये त्यांना ओल्गा इविन्स्काया भेटल्या. लारामध्ये ओल्गांची छाया आहे. पास्तरनाक विवाहित होते, त्यामुळे हे नाते घरातही सोपे नव्हते. १९४९ मध्ये अटक झाली ती ओल्गांना. स्टालिन गेल्यावर, १९५३ मध्ये त्या छावणीतून सुटल्या.

कादंबरी १९५५ मध्ये पूर्ण झाली. मायदेशात नाकारली गेली आणि १९५७ मध्ये इटलीत छापली गेली. पुढच्याच वर्षी नोबेल जाहीर झाले. आनंदाने स्वीकारलेला तो सन्मान काही दिवसांत त्यांना नाकारावा लागला. लेखक संघाने त्यांना काढून टाकले. देशाबाहेर घालवू नका, एवढीच विनंती त्यांनी ख्रुश्चेव्ह यांना केली. ३० मे १९६० रोजी पेरेदेल्किनो या गावी ते वारले. त्याच वर्षी ओल्गांना पुन्हा अटक झाली.

रशियात कादंबरी छापून आली १९८८ मध्ये. पुढच्या वर्षी नोबेलचे पदक त्यांच्या मुलाने स्वीकारले.

आपल्यापैकी कितीतरी जण गाव सोडून दूर गेले. आपल्याला परत यायला वाट होती, म्हणून आज एकत्र जमलो आहोत. बाईही येणार आहेत. तेव्हा हसल्याबद्दल त्यांची माफी मागायची आहे, आणि उरलेली गोष्ट आता मला वाचून कळली, हेही सांगायचे आहे.