लिव्हिंग्स्टन यांच्या म्हशी आणि त्से-त्से माशी

१९ मार्च १८६६ रोजी झांझिबारच्या बंदरातून ‘पेंग्विन’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा त्याच्या मागे दोरखंडाने बांधलेले एक गलबत होते. त्या गलबतात सहा उंट, तीन म्हशी, एक रेडकू, दोन खेचरे आणि चार गाढवे होती. म्हशी मुंबईहून नेलेल्या होत्या. त्यांची निगा राखायला आणि रात्रीचा पहारा द्यायला मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई होते, नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेले नऊ आफ्रिकी तरुण होते. मोहिमेचे प्रमुख होते डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आणि त्या दिवशी त्यांना त्रेपन्न वर्षे पूर्ण होत होती. नाईल नदीचा उगम शोधणे आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावा गोळा करणे, ही त्यांची कामे सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हशी नेण्यामागे मात्र एक वैद्यकीय प्रश्न होता, आणि तो त्यांना वीस वर्षे छळत होता.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १८१३ चा, स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावचा. घरची गरिबी. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले आणि शिक्षण रात्रीच्या शाळेत घेतले. पुढे ग्लासगोला वैद्यकशास्त्र शिकून १८४० मध्ये डॉक्टर झाले आणि लंडन मिशनरी सोसायटीतर्फे दक्षिण आफ्रिकेला गेले. १८४४ मध्ये माबोत्सा येथे गावकऱ्यांच्या मेंढरांवर तुटून पडलेल्या सिंहांच्या मागे ते गेले असता, जखमी सिंहाने त्यांच्यावरच झेप घेतली. मेबाल्वे नावाच्या सहकाऱ्याने बंदूक रोखली म्हणून सिंह त्याच्याकडे वळला आणि डॉक्टर वाचले. डाव्या दंडाचे हाड मात्र असे मोडले की ते पुन्हा नीट जुळलेच नाही. मोडलेल्या जागी खोटा सांधा तयार झाला. हा सांधा लक्षात ठेवायला हवा, कारण तीस वर्षांनी त्याचे काम पडणार होते.

त्या काळात आफ्रिकेच्या अंतर्भागात प्रवास म्हणजे बैल. गाडी ओढणारे बैल, ओझे वाहणारे बैल, बसायलाही बैलच. १८५३-५४ मध्ये झांबेझीच्या खोऱ्यातून पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडापर्यंत जाताना लिव्हिंग्स्टन सिंदबाद नावाच्या एका बैलावर बसत. हा बैल स्वभावाने खट्याळ होता. तापाने ग्लानी आलेल्या डॉक्टरांना त्याने पाण्यातही पाडले. मुक्कामाची शिस्त ठरलेली असे. दिवस कलला की गवत आणि फांद्यांची खोपटी उभी राहत. मध्ये मोठी शेकोटी आणि तिच्यासमोर घोड्याच्या नालासारखी मोकळी जागा. तिथे बैल उभे राहत. जाळ डोळ्यांसमोर असला की जनावर रात्री बुजत नाही, हे सोबतच्या मकोलोलो लोकांना पक्के माहीत होते. तंबूच्या दारात माशौआना हा नावाड्यांचा मुकादम अंथरूण टाकी. त्याला ओलांडल्याशिवाय आत जाणे कोणालाच शक्य नव्हते. सिंहापासून वाचायला एवढा बंदोबस्त पुरेसा होता.

पण जे संकट शेकोटीला भीत नव्हते, ते घरमाशीहून जेमतेम मोठे होते. त्से-त्से माशी चावली की बैलाला लगेच काहीच होत नसे. काही दिवसांनी डोळ्या-नाकातून पाणी वाहू लागे, जबड्याखाली सूज येई, खाणे चालू असूनही जनावर खंगत जाई आणि शेवटी मरे. एका प्रवासात डोळ्यांत तेल घालून राखण करूनही लिव्हिंग्स्टन यांचे त्रेचाळीस बैल दगावले. त्यांच्या अंदाजाने सगळ्या कळपावर मिळून वीस माश्याही बसल्या नसतील. मेलेले बैल फाडून त्यांनी रक्त, काळीज, फुप्फुसे, चरबी तपासून नोंदी केल्या. माणसाला आणि रानातल्या जनावरांना या माशीने काही होत नाही, पण बैल, घोडा आणि कुत्रा मरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणसाबद्दलचे विधान सगळीकडे खरे नव्हते, कारण याच माशीमुळे माणसाला निद्रारोग होतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झाले. मात्र त्यांनी पाहिलेल्या मुलखापुरते त्यांचे निरीक्षण चुकले नव्हते. जनावरांना मारणाऱ्या परजीवीच्या काही जाती माणसाच्या रक्तात टिकतच नाहीत.

उपचाराच्या बाबतीत तर ते काळाच्या बरेच पुढे होते. माशी चावलेल्या एका घोडीला त्यांनी सोमल, म्हणजे आर्सेनिक, देऊन पाहिले. ती काही काळ सुधारली, तरी वाचली नाही. हा अनुभव त्यांनी १८५८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कळवला. १९०५ च्या सुमारास निद्रारोगावर पहिले गुणकारी औषध आले ते आर्सेनिकचेच संयुग होते, आणि १९४९ मध्ये आलेले मेलार्सोप्रोलही त्याच कुळातले.

हिवतापावरही त्यांची स्वतःची गोळी होती. क्विनाइन, कॅलोमेल, रेवाचिनी आणि जलापाची राळ असे तिचे घटक. पुढे एका औषध कंपनीने ती त्यांच्या नावाने विकली. तरीही १८६२ मध्ये झांबेझीकाठी शुपांगा येथे त्यांची पत्नी मेरी तापानेच गेली. ती मोहीमही फसली आणि सरकारने त्यांना परत बोलावले. ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट विकायची होती, पण ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू द्यायची नव्हती. म्हणून लिव्हिंग्स्टन यांनी ती स्वतः हाकत झांझिबारहून थेट मुंबई गाठली. कोळसा तुटपुंजा, खलाशी मूठभर, पावसाळा तोंडावर! पंचेचाळीस दिवसांनी, १३ जून १८६४ ला, बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की बंदरात फारशी कोणी दखलही घेतली नाही. सोबतच्या चुमा आणि विकाटानी या दोन मुलांना त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. चुमाला त्यांनी १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते.

पुढच्या वर्षी ते पुन्हा मुंबईत आले. बोट २,३०० पौंडांना विकली, म्हणजे बांधायला लागलेल्या खर्चाच्या निम्मीही रक्कम आली नाही. ती त्यांनी इथल्या बँकेत ठेवली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, मुंबईतल्या पेढ्या आणि बँका एकामागून एक बसत होत्या, त्यात हे पैसेही बुडाले. याच मुक्कामात ते नाशिकजवळच्या शरणपूरला जाऊन आले. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनमध्ये वाढत होती, सुतारकी-लोहारकी शिकत होती. त्यांतले नऊ तरुण मोहिमेला तयार झाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी शिपाई दिले.

आता म्हशींचे गणित. आफ्रिकेतल्या रानम्हशीला त्से-त्सेचा त्रास होत नाही. भारतीय म्हैस दिसायला तिच्यासारखी आहे, तर तीही टिकेल का? आणि उंट? टिकले, तर आफ्रिकेत ओझे वाहायला माणसांची गरजच कमी होईल. हे महत्त्वाचे होते, कारण हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत आणायला गुलामांचे खांदे वापरले जात. जनावर जगले तर त्या धंद्याचा एक आधार सुटेल, असा त्यामागचा हिशेब होता.

प्रयोग मात्र सुरुवातीपासूनच बिघडला. रोवुमा नदीच्या काठचे रान इतके दाट की ओझे लादलेला उंट पुढे जाईना. स्थानिक माकोंडे लोकांना मजुरी देऊन कुऱ्हाडींनी वाट तोडावी लागली. लिव्हिंग्स्टन पुढे वाट पाहायला जात आणि जनावरे शिपायांकडे असत. उंट-म्हशींवर त्से-त्से बसलेल्या दिसल्या, चाव्यातून रक्त ओघळताना दिसले. पण त्याच अंगांवर काठीचे वळ आणि घावही दिसू लागले. शिपाई जनावरांना मारत, वाजवीपेक्षा जास्त ओझे लादत, वेळेवर चारा-पाणी देत नसत. एकेक जनावर पडू लागले आणि डॉक्टरांच्या वहीतला प्रश्न सुटण्याऐवजी गुंतत गेला. हे माशीने मेले की माराने? निगा राखलेले एखादे जनावर तुलनेला बाजूला ठेवले असते तर काही सांगता आले असते. तसे एकही उरले नाही.

शेवटी रेडकूही नाहीसे झाले. शिपायांनी सांगितले, की वाघाने खाल्ले. डॉक्टरांनी विचारले, पट्टे पाहिले का? सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, स्पष्ट पाहिले. आफ्रिकेत पट्टेवाला वाघ नाही, हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. रेडकू त्यांनीच कापून खाल्ले होते. जुलैमध्ये मटाका या सरदाराच्या गावातून लिव्हिंग्स्टन यांनी शिपायांना माघारी पाठवले.

चरित्रकार इथे सगळा दोष शिपायांवर टाकून मोकळे होतात, ते पटत नाही. दुष्काळी मुलूख, पोटाला धड अन्न नाही, अंगात ताप, परकी भाषा. आणि ज्या उंट-म्हशी सांभाळायच्या त्यांची सवय पलटणीच्या शिपायाला असतेच असे नाही. लिव्हिंग्स्टन स्वतः अफाट सोशिक होते, पण हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणे त्यांना क्वचितच जमले. प्रयोगाची आखणी त्यांनी केली, त्या प्रयोगाची रोजची राखण कोण आणि कशी करील, हे पुरते पाहिले नाही.

उत्तर यायला तीस वर्षे लागली. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबात सर्रा झालेल्या घोडे-उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी दिसला. १८९५ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी झुलूलँडमध्ये त्याचाच भाऊबंद आजारी गुरांच्या रक्तात शोधला आणि त्से-त्से माशी ही त्याची वाहक असल्याचे दाखवले. या परजीवींना ट्रायपॅनोसोम म्हणतात. रानम्हशीच्या रक्तात ते असतात, पण हजारो वर्षांच्या सहवासाने ती त्यांना पुरून उरते. नुसत्या शिंगांच्या साम्यावरून ती ताकद भारतीय म्हशीत येत नाही.

जनावरे गेल्यावर सगळे ओझे माणसांच्या डोक्यावर आले. रात्रीची राखण चिताने या पूडल जातीच्या कुत्र्यावर आली. तो वाटेत रांगेच्या पुढून मागे धावत सगळ्यांना हाकारी आणि मुक्कामी डॉक्टरांच्या झोपडीजवळ गावातले एकही कुत्रे फिरकू देत नसे. १५ जानेवारी १८६७ ला एक दलदल ओलांडताना कोणाचेच लक्ष न राहिल्याने तो बुडाला. पाचच दिवसांनी दोन हमाल भर पावसात रानात पळाले. औषधांची पेटी एरवी बराका हा काळजीवाहू मुलगा वाही; नेमकी त्या दिवशी ओझ्यांची अदलाबदल झाली होती. पेटी गेली, तिच्यातले क्विनाइन गेले. आपल्या मृत्यूचा हुकूमच जणू हाती पडला, असे डॉक्टरांना वाटले, आणि ते फारसे चुकले नाही. पुढची सहा वर्षे ताप, न्यूमोनिया, पायाची क्षते, आमांश आणि रक्तस्राव यांत गेली. १८७१ मध्ये स्टॅन्ले उजिजीला भेटले, औषधे-अन्न मिळाले, तरी लिव्हिंग्स्टन परतले नाहीत.

मे १८७३ च्या पहिल्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, दाराशी पहाऱ्याला निजलेल्या माजवारा या मुलाला जाग आली. डॉक्टर खाटेजवळ गुडघे टेकलेल्या स्थितीत होते. हालचाल नव्हती. त्याने सुसीला हाक मारली.

यानंतर सोबत्यांनी जे केले, त्यात मोहिमेच्या सगळ्या वर्षांत न दिसलेली शिस्त दिसते. झांझिबारमध्ये एका डॉक्टरकडे नोकरी केलेल्या फरिजालाने शव उघडले, नाशिकचा कारस फॅरर मदतीला होता. पोटाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी रक्ताची गुठळी आढळली. हृदय आणि आतडी डब्यात घालून झाडाखाली पुरली. नाशिकलाच शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि खोडावर नाव कोरले. मग शवाला मीठ लावून वर उघड्या, भोवती मजबूत कुंपण घातलेल्या खोपटात ते चौदा दिवस उन्हात वाळवले. तरसांचा मुलूख, म्हणून राखण कडेकोट होती. पुढे सुमारे हजार मैल, नऊ महिने. वाटेत लोक प्रेताला अडवू लागले, तेव्हा त्यांनी काटक्यांचे खोटे प्रेत करून ते पुरायला परत नेत असल्याचे सोंग केले आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले.

लंडनमध्ये वाळलेला चेहरा ओळखणे शक्य नव्हते. सर विल्यम फर्ग्युसन यांनी डावा दंड तपासला आणि सिंहाने दिलेला तो खोटा सांधा सापडला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता. चुमा आणि सुसी नंतर इंग्लंडला पोहोचले आणि डॉक्टरांच्या शेवटच्या वह्या लावायला मदत करीत बसले. त्या वह्यांत म्हशींच्या अंगावर बसलेल्या माश्यांची नोंद तारीखवार आहे.