अनाथ मुलांचा पालनकर्ता : डॉन बॉस्को

मुंबईच्या माटुंगा भागात डॉन बॉस्को या नावाची शाळा आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्यांच्या नावाने ती चालते ते सत्पुरुष कोण, कोठचे आणि त्यांनी असे काय केले, याची चौकशी फार थोडे करतात. आम्हीही नोकरीची सर्व वर्षे या अज्ञानातच घालविली. सेवानिवृत्तीनंतर त्यांचे चरित्र वाचण्यास सवड मिळाली. त्या वाचनाने आमच्या मनास जी टोचणी लागली, ती या स्मरणिकेच्या द्वारे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

इटलीच्या उत्तरेस पिडमाँट नावाचा प्रांत आहे. तेथील बेक्की या वाडीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जॉन बॉस्को यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील न्युमोनियाने वारले. आई मार्गारिता हिला अक्षरओळख नव्हती. पण ती मोठी धीराची बाई होती. दुष्काळ आणि दारिद्र्य यांना तोंड देत तिने तीन मुले वाढविली. जॉनला शिकण्याची विलक्षण ओढ, तर थोरल्या सावत्र भावास ती चैन वाटे. या कलहापायी जॉनला कोवळ्या वयात परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. पुढे शिक्षणासाठी गाव सोडल्यावर त्याने शिंप्याकडे राहून शिवणकाम शिकून घेतले, लोहाराच्या भट्टीजवळ हात काळे केले, उपाहारगृहात काम करून जिन्याखालच्या जागेत रात्री काढल्या. त्या काळी हे केवळ पोटासाठी होते. पण हीच विद्या पुढे शेकडो मुलांच्या उपयोगी पडावयाची होती.

५ जून १८४१ रोजी त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूच्या नावामागे आदराने डॉन हा शब्द लावतात; तेव्हापासून ते डॉन बॉस्को झाले. ट्यूरिन शहरी आल्यावर आपले गुरू डॉन काफासो यांच्याबरोबर ते तुरुंगात जाऊ लागले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजाआड पाहून त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. ही मुले सुटत आणि पुनः तेथेच येत, कारण बाहेर त्यांना विचारणारे कोणी नसे. शहर वाढत होते. खेड्यापाड्यांतील पोरे गवंड्याच्या हाताखाली विटा वाहण्यास, धुराडी झाडण्यास येत. काम संपले की ती रस्त्यावर. तुरुंगात गेलेल्या मुलास उपदेश करण्यापेक्षा ते तेथे जाणारच नाही अशी तजवीज करावी, हा निश्चय त्यांनी तेव्हा केला.

प्रारंभी सुटीच्या दिवशी मुले जमवून खेळ, प्रार्थना आणि अक्षरओळख एवढेच कार्य होते. परंतु शेकडो मुलांचा गलबला कोणास सोसणार? आज या जागेतून हुसकावले, उद्या त्या मैदानातून, असे कित्येक महिने गेले. शहराच्या अधिकाऱ्यांस तर या जमावात बंडाचा वास येई. अखेर १८४६ सालच्या ईस्टरच्या दिवशी व्हाल्डोक्को भागात पिनार्डी नामक गृहस्थाच्या घराला लागून असलेली एक पडवी त्यांस भाड्याने मिळाली. छप्पर इतके ठेंगणे की मोठ्या माणसाने वाकून चालावे. तेव्हा छप्पर उंच करण्याऐवजी जमीन खोल खणून घेतली, वर लाकडी तक्तपोशी घातली आणि त्या पडवीचे प्रार्थनामंदिर झाले. एका जगविख्यात संस्थेचा आरंभ अशा डागडुजीत आहे.

त्याच वर्षी अतिश्रमाने ते मरणाच्या दारी जाऊन परत आले. नोव्हेंबरात आईला घेऊन ते गावाहून ट्यूरिनला पायी आले. मुलांच्या पोटासाठी मार्गारिताबाईने आपल्या लग्नातील वस्त्रे आणि गळ्यातील सोने विकले. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री पंधरा वर्षांचा एक अनाथ मुलगा चिंब भिजून दाराशी आला. गवंडीकामाच्या शोधात तो शहरी आला होता. त्याला त्यांनी स्वयंपाकघरात निजावयास जागा दिली. यापूर्वी आसरा दिलेल्या काही पोरांनी पांघरुणेच पळविली होती. तरी दार बंद झाले नाही. एकदा मुलांनी बाईंची भाजीची बाग तुडवून टाकली, तेव्हा त्या वैतागून गावी परत निघाल्या. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. बाई मुकाट्याने पुनः कामास लागल्या. १८५६ साली मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच होत्या.

मुलांस निवारा मिळाला, पण त्यांच्या हातास काम हवे होते. ती शहरातील कारखान्यांत उमेदवारी करीत. मालक त्यांना मारीत, घरची धुणीभांडी करावयास लावीत आणि कसब मात्र शिकवीत नसत. यावर डॉन बॉस्कोंनी मुद्रांकित कागदावर रीतसर करार करण्याची वाट काढली. १८५२ सालच्या फेब्रुवारीत एका सुताराशी केलेला असा करार आजही उपलब्ध आहे. मालकाने ठरलेल्या मुदतीत धंदा पूर्ण शिकवावा, चुकल्यास शब्दाने सुधारावे पण हात उगारू नये, धंद्याबाहेरचे काम सांगू नये, सणाच्या दिवशी सुटी द्यावी, वेतन टप्प्याटप्प्याने वाढवावे, अशी त्यातील कलमे आहेत. खाली मालक, मुलगा आणि त्याचा पिता यांच्याबरोबर डॉन बॉस्कोंचीही सही आहे. ज्यांना वडील नव्हते त्यांच्याही मागे कोणीतरी उभे आहे, हे अशा सहीने मालकांस कळू लागले.

दरम्यान १८५१ साली पिनार्डीचे घर साडेअठ्ठावीस हजार लिरांस विकत घेतले. शेजारी नवी इमारत उठू लागली, ती डिसेंबर १८५२ मध्ये सततच्या पावसाने एका रात्री कोसळली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. ते पुनः पायापासून लागले, आणि १८५३ पासून घरच्या घरी कारखाने निघाले. प्रथम पादत्राणे शिवण्याचा व शिंपीकामाचा, १८५४ त पुस्तकबांधणीचा, १८५६ त सुतारकामाचा, त्यानंतर छापखाना आणि लोहारकाम. आरंभी ते स्वतः मुलांस कसब दाखवीत. धर्मगुरूने चामड्यास हात लावावा यात त्यांस कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे अमुक काम आपले आणि अमुक परक्याचे, असे म्हणत पिढ्या गेल्या. त्या दृष्टीने हे चित्र आपण डोळ्यांपुढे ठेवावे.

हे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. बाहेरून आणलेले उस्ताद कधी मुलांस नोकरासारखे राबवीत, कधी नफ्यावरून भांडत. पगार, भागीदारी असे अनेक प्रकार करून पाहिल्यावर, संस्थेतच राहून व्रतस्थपणे शिकविणारे कारागीर बंधू तयार करावे, हा मार्ग त्यांस सापडला. १८५९ साली त्यांनी स्थापिलेल्या सेलेशियन संघात अशा कारागिरांस मानाचे स्थान मिळाले. १८८४ च्या ट्यूरिन येथील राष्ट्रीय प्रदर्शनात या संस्थेने कागद तयार करण्यापासून बांधलेले पुस्तक हाती येईपर्यंतची सारी क्रिया मुलांच्या हातून करून दाखविली. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्कोंनी देह ठेवला. १९०६ साली त्यांचे अनुयायी तंजावरास आले. १९३४ त त्यांस संतपद देण्यात आले.

आता आमच्या टोचणीविषयी. दरवर्षी आमच्या वर्गातील चार-दोन मुले शाळा सोडीत. कोणाचे वडील गेलेले, कोणी दोनदा नापास झालेला. हजेरीपटावरील त्यांच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली की आमचे कर्तव्य संपे. तो मुलगा कोठे गेला, कोणाच्या हाताखाली लागला, त्यास मार बसतो की विद्या मिळते, हे आम्ही एकदाही जाऊन पाहिले नाही. त्यांतील कोणी आज भेटला तर काय उत्तर द्यावे, हे आम्हांस सुचत नाही.

अनाथ वा निराधार मुलांच्या वसतिगृहाचा जीर्णोद्धार निघाला की आपण उदार हस्ते देणगी देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नव्या छपराखालून सोळाव्या-सतराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती कोणते कसब असेल, आणि त्याच्या करारावर त्याचा पाठीराखा म्हणून कोण सही करील, हेही देणगीदारांनी विचारावे. व्हाल्डोक्कोच्या पडवीची जमीन खणणाऱ्याने हे दोन प्रश्न आपल्या उभ्या आयुष्याने सोडविले. आमच्या हातून जे राहिले, ते आमच्या तरुण ज्ञातिबांधवांच्या हातून घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.