मनोरुग्णांची कैवारी : डोरोथिया डिक्स

प्रास्ताविक

शरीराला आजार झाला, की घरातील माणसे धावपळ करतात आणि शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. मन आजारी पडले, तर मात्र तेच घर दार लावून घेते आणि आजारी माणूस गावाच्या चेष्टेचा विषय होतो. मनोविकार हा गुन्हा नाही, पाप नाही, तो एक आजार आहे, ही जाणीव समाजात रुजवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांमध्ये अमेरिकेतील डोरोथिया डिक्स यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. या पाठात त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेऊ.

पाठ

डोरोथिया डिक्स यांचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी, आज अमेरिकेच्या मेन राज्यात असलेल्या हॅम्पडेन या गावी झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते. घरात गरिबी होती आणि आईची प्रकृती नेहमीच नाजूक असे. त्यामुळे दोन धाकट्या भावांचा सांभाळ लहानग्या डोरोथियाकडे आला. वयाच्या बाराव्या वर्षी ती घर सोडून बॉस्टन शहरात आजीकडे राहायला गेली. चौदाव्या वर्षी तिने लहान मुलांसाठी शाळा काढली. पुढे बॉस्टनमध्येही तिने शाळा चालवली आणि मुलांसाठी पुस्तके लिहिली. १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

अतिश्रमाने १८३६ मध्ये डोरोथिया यांचे शरीर आणि मन दोन्ही खचले. विश्रांतीसाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूल येथे एका समाजसेवी कुटुंबात राहिल्या. मनोरुग्णांना साखळदंडांत न ठेवता प्रेमाने, शिस्तीने आणि कामात गुंतवून बरे करता येते, हा विचार तेव्हा इंग्लंडमध्ये मूळ धरत होता. यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या आश्रमाने तो प्रत्यक्षात आणून दाखवला होता. या विचाराशी डोरोथियांचा येथेच परिचय झाला. स्वतः खचून गेल्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता.

त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारी घटना मार्च १८४१ मध्ये घडली. बॉस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री कैद्यांना धर्मशिक्षण देण्यासाठी त्या गेल्या होत्या. तेथे त्यांना काही मनोरुग्ण स्त्रिया दिसल्या. त्यांच्या हातून कोणताही गुन्हा घडला नव्हता. त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या तुरुंगात होत्या. कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या कोठडीत शेगडी नव्हती. वेड्यांना थंडी कळत नाही, असा तेथील समज होता. डोरोथियांनी न्यायालयाकडे दाद मागितली आणि कोठडीत ऊब मिळण्याची सोय करून घेतली.

एका तुरुंगाची ही स्थिती, तर इतरत्र काय असेल, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. हातात वही घेऊन त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील गावोगावी फिरल्या. तुरुंग आणि निराधारांची आश्रयगृहे त्यांनी स्वतः पाहिली. कुठे रुग्णांना पिंजऱ्यात कोंडले होते, कुठे तळघरात, तर कुठे गोठ्यात. कित्येकांच्या अंगावर वस्त्र नव्हते, पायांत मात्र साखळी होती. काही गावे तर अशा निराधारांना सर्वांत कमी मोबदला मागणाऱ्याच्या हवाली करीत. साहजिकच त्यांच्या अन्नावर आणि वस्त्रावर जेवढी काटकसर होई, तेवढा सांभाळणाऱ्याचा फायदा होई. डोरोथियांनी हे सारे गावांच्या नावांसह टिपून ठेवले.

त्या काळी अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा अधिकार नव्हता. विधिमंडळात जाऊन बोलणे तर दूरच. म्हणून डोरोथियांनी सविस्तर निवेदन लिहिले आणि जानेवारी १८४३ मध्ये सॅम्युएल हॉवे या सदस्यांमार्फत ते विधिमंडळापुढे ठेवले. त्यात केवळ दयेची याचना नव्हती, डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. काही गावांच्या अधिकाऱ्यांनी हे वर्णन खोटे असल्याचा कांगावा केला. तरीही विधिमंडळाने वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाचा विस्तार करण्यास मंजुरी दिली.

मग हीच त्यांच्या कार्याची रीत ठरली. आधी प्रत्यक्ष पाहायचे, मग लिहायचे आणि शेवटी राज्यकर्त्यांना जबाबदारी घ्यायला लावायची. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, तीन वर्षांत त्यांनी दहा हजार मैलांहून, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटरहून अधिक प्रवास केला. त्यांच्या प्रयत्नांतून न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे १८४८ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यात मात्र त्यांचा प्रस्ताव फेटाळला जाण्याच्या बेतात होता. त्याच वेळी त्या उतरलेल्या ठिकाणी एका आमदारांची पत्नी अत्यवस्थ होती. डोरोथियांनी तिची मनापासून शुश्रूषा केली. आपल्या पतीने या प्रस्तावाला पाठिंबा द्यावा, अशी इच्छा तिने मृत्यूपूर्वी व्यक्त केली. पत्नीच्या निधनानंतर त्या आमदारांनी सभागृहात कळकळीचे भाषण केले आणि प्रस्ताव मंजूर झाला.

सर्वांत मोठा आघात १८५४ मध्ये झाला. मनोरुग्णांच्या उपचारांसाठी राष्ट्राने एक कोटी एकर जमीन राखून ठेवावी, यासाठी त्या सहा वर्षे झटत होत्या. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. परंतु निराधारांची काळजी हे राज्यांचे काम आहे, केंद्राचे नव्हे, असे कारण देऊन राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी नकाराधिकार वापरला. डोरोथिया निराश झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्या युरोपात गेल्या. स्कॉटलंडमधील रुग्णांचे हाल त्यांनी इंग्लंडच्या सरकारपुढे मांडले. चौकशी झाली आणि १८५७ मध्ये तेथे नवा कायदा आला.

अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी लष्करी परिचारिकांच्या प्रमुख म्हणून काम केले. वृद्धापकाळी ट्रेंटनच्या मनोरुग्णालयातच त्यांना राहायला जागा देण्यात आली. १७ जुलै १८८७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या प्रयत्नांतून तीसहून अधिक रुग्णालये उभी राहिली होती किंवा वाढली होती.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. दक्षिणेकडील राज्यांत फिरताना गुलामगिरीविषयी त्यांनी मौन पाळले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतील मोठी मनोरुग्णालये गर्दीने भरून गेली आणि उपचारांची जागा पुन्हा कोंडून ठेवण्याने घेतली. केवळ इमारत उभारून प्रश्न सुटत नाही. आत काय चालले आहे, हे समाजाने पाहत राहावे लागते.

ही गोष्ट केवळ परदेशातील नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा बळी गेला. भारतात २०१७ मध्ये झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हातापायांतील साखळी कायदा काढू शकतो. माणसांच्या मनातील भीती आणि तिरस्कार काढण्याचे काम मात्र आपल्याकडे, प्रत्येक घराकडे आणि शेजाराकडे राहते. डोरोथिया डिक्स यांनी त्याची सुरुवात साध्या गोष्टीने केली होती. ज्यांच्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती, त्यांच्याकडे त्यांनी थांबून पाहिले.

स्वाध्याय

१. ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगातील कोणते दृश्य पाहून डोरोथिया डिक्स अस्वस्थ झाल्या?
२. विधिमंडळाला दिलेले त्यांचे निवेदन प्रभावी का ठरले?
३. केवळ इमारत उभारून प्रश्न सुटत नाही, या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरात मनोविकार झालेल्या व्यक्तीशी लोक कसे वागतात? त्यात कोणता बदल व्हावा असे तुम्हांला वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.