रागवा, असं आधी सांगायचंत!

आजचं वाचन : भागवत, एकादश स्कंध, अध्याय २९.

इथे श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात, की लोक हसले तरी लाज सोडून कुत्रा, गाय, गाढव यांनाही लोटांगण घालावं. सगळ्यांत देव आहे, हे आपण पटकन मान्य करतो. पण तो समोर येऊन त्रास देऊ लागला की?

याच स्कंधावर मराठीत टीका लिहिणारे पैठणचे एकनाथ महाराज ते जगून गेले. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा केली, गुरूंच्या आज्ञेने संसार केला. १५७३ मध्ये काशीला ही टीका पूर्ण झाली, तेच आपलं नाथभागवत.

रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला मात्र दुसरी एक कथा जास्त अवघड वाटते.

एका गरीब ब्राह्मणाला पैशांची नड होती. नाथांना राग आणून दाखव, मग पैसे देतो, असं काही टवाळांनी त्याला कबूल केलं. तो थेट घरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचं कौतुक केलं आणि जेवायलाच ठेवून घेतलं. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर चढला! पाहुणा पडणार नाही एवढं बघा, असं नाथ म्हणाले. बाईंनी हसून सांगितलं, की हरी रोज पाठीवर चढतो, त्यामुळे सवय आहे.

ब्राह्मण खजील झाला आणि सगळं बोलून गेला. तेव्हा नाथांना हळहळ वाटली ती त्याच्या बुडालेल्या पैशांची. आधी सांगितलं असतं तर रागावून दाखवलं असतं, असं ते म्हणाले.

खरी गोष्ट इथे आहे. राग गिळणं आपल्यालाही कधीकधी जमतं. पण नाथांचं लक्ष स्वतःच्या अपमानाकडे गेलंच नाही, ते त्या माणसाच्या अडचणीकडे गेलं. त्यांचं सौजन्य तिथून आलं.

आपण बॉसशी गोड बोलतो आणि पार्सल उशिरा आणणाऱ्या मुलावर खेकसतो. पूजेत कोणी हाक मारली तरी चिडतो. आज एवढंच करून बघूया : कोणी चिडवलं, धक्का दिला, उशीर केला, तर उत्तर देण्याआधी मनात विचारायचं, याला काय नड असेल?

मग आवाज आपोआप खाली येतो.

राम कृष्ण हरी!