फक्त एका शब्दासाठी

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ताईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर, खुर्चीवर, खिडकीत, जिकडे बघावं तिकडे झेरॉक्सचे गठ्ठे! ताई एलएलएम करते, विषय आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा. हा विषय शिकून पुढे नेमकं काय करायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच कळत नाही. मला तर मुळीच नाही. मी पडलो मेकॅनिकलवाला. त्यात परदेशातल्या एका विद्यापीठाने तिचा पीएच.डी.चा अर्ज नुकताच नाकारला होता. अशा वेळी भावाने धीराचे चार शब्द बोलावेत की नाही? मी काय केलं, तर असले कागद गोळा करून आजवर कुठलं युद्ध थांबलंय का, असं तिलाच विचारलं.

ताई चिडली नाही. ढिगाऱ्यातून तिने एक पुस्तक काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि फराळाला निघून गेली. ते रफाएल लेम्किन नावाच्या माणसाचं अर्धवट राहिलेलं आत्मचरित्र होतं. त्याच्या मृत्यूनंतर तब्बल 54 वर्षांनी, 2013 साली छापलेलं. मित्रांनो, सुट्टीत आपण पुस्तकाला हात लावत नाही, पण हे मात्र मी झपाटल्यासारखं वाचलं. म्हणून या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगतो.

लेम्किन यांचा जन्म 1900 सालचा. गाव वोल्कोव्हिस्कजवळचं, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज बेलारूसमध्ये आहे. कुटुंब ज्यू, धंदा शेतीचा. आईने मुलांना घरीच शिकवलं. लहानपणी वाचलेल्या एका कादंबरीत रोमचा बादशहा ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकतो आणि लोक ते बघायला गर्दी करतात. एवढ्या लोकांना मारतात आणि कुणी अडवत कसं नाही, हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यात तेव्हा जो घुसला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

पुढे ते ल्वूव्हच्या विद्यापीठात शिकत होते. (हे शहर आज युक्रेनमध्ये आहे.) 1921 साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशाला भर रस्त्यात गोळी घातली. पहिल्या महायुद्धात तुर्की साम्राज्यात लाखो आर्मेनियन मारले गेले, त्या वेळी हा तलत तिथला गृहमंत्री होता. लेम्किन यांनी आपल्या प्राध्यापकांना विचारलं, तलतवर खटला का नाही भरला? उत्तर मिळालं की तसा कायदाच नाही. कोंबड्या पाळणाऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर शेजाऱ्याला काय अधिकार? देशाचं आणि त्याच्या प्रजेचं तसंच! म्हणजे एकाला मारलं तर खून, आणि लाखोंना मारलं तर देशाचा अंतर्गत मामला. लेम्किन यांना हे काही पटेना.

ते वकील झाले, वॉर्सात सरकारी वकील झाले. 1933 साली माद्रिदला कायदेतज्ज्ञांची परिषद होती. तिच्यासाठी त्यांनी प्रस्ताव लिहिला, की एखाद्या समाजाला नष्ट करणं आणि त्याची संस्कृती उद्ध्वस्त करणं हे दोन आंतरराष्ट्रीय गुन्हे ठरवावेत, आणि गुन्हेगार कुठेही सापडला तरी त्याच्यावर खटला चालावा. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते. पोलंड सरकारने लेम्किन यांना परिषदेला जाऊच दिलं नाही. प्रस्ताव तिथे पोहोचला, पण पुढे काही झालं नाही.

1939 च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. लेम्किन वॉर्सातून पळाले. वाटेत आईवडिलांना भेटले, आपल्याबरोबर चला म्हणून विनवलं, पण म्हातारी माणसं घर सोडायला तयार होईनात. ती भेट शेवटची ठरली.

लिथुआनियामार्गे ते स्वीडनला पोहोचले. स्टॉकहोममध्ये व्याख्याता म्हणून काम मिळालं. आणि मित्रांनो, आपल्या दृष्टीने खरी गोष्ट इथे सुरू होते. ना स्वतःचा देश, ना पैसा, ना घरच्यांची खबर. अशा अवस्थेत हा माणूस ग्रंथालयात बसून काय करत होता? तर नाझींची सरकारी राजपत्रं गोळा करत होता! जिंकलेल्या प्रत्येक देशात जर्मन अधिकारी छापील हुकूम काढत. ओळखीच्या एका स्वीडिश कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कचेऱ्यांमार्फत लेम्किन ते मागवून घेत. रेशन कुणाला किती, लग्नाला परवानगी कुणी घ्यायची, शाळेत भाषा कोणती, मालमत्ता कुणाची जप्त. एकेक कागद सुटा बघितला तर रटाळ सरकारी भाषा. पण सगळे शेजारी मांडल्यावर त्यांना एक आराखडा दिसू लागला. या समाजाने खायचं कमी, जन्मायचं कमी, आणि शेवटी उरायचंच नाही. ही पुढची योजना त्यांनी कुणा हेराकडून मिळवली नव्हती. ती सरकारने स्वतःच छापली होती, फक्त कुणी सलग वाचली नव्हती.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एक ओळखीचे प्राध्यापक होते. पूर्वी दोघांनी मिळून पोलंडच्या दंडसंहितेचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. त्या ओळखीवर तिथे बोलावणं आलं. समोरून अटलांटिकची वाट बंद, म्हणून गडी उलट्या दिशेने निघाला. मॉस्को, सैबेरियातून रेल्वेने व्लादिव्होस्तॉक, मग जपान, आणि प्रशांत महासागर ओलांडून एप्रिल 1941 मध्ये सिएटल. सामानात कपड्यांपेक्षा कागद महत्त्वाचे!

या कागदांवरून नोव्हेंबर 1944 मध्ये वॉशिंग्टनला त्यांचा ग्रंथ निघाला. नाझींच्या ताब्यातल्या युरोपात चाललेल्या कारभाराचा त्यात पुराव्यानिशी पंचनामा आहे. त्याच्या नवव्या प्रकरणात त्यांनी स्वतः घडवलेला एक नवा शब्द वापरला, जेनोसाइड. वंश या अर्थाचा ग्रीक शब्द आणि मारणं या अर्थाचा लॅटिन प्रत्यय यांचा हा जोड. आपण वंशसंहार म्हणतो तो हाच.

युद्ध संपलं. न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात तो शब्द आला, पण 1946 च्या निकालात आला नाही. त्याच काळात लेम्किन यांना कळलं की आईवडिलांसह घरातली 49 माणसं गेली. फक्त एक भाऊ आणि त्याचं कुटुंब वाचलं. दुसरा कुणी असता तर खचला असता. हे गेले थेट संयुक्त राष्ट्रांत. ना पद, ना पगार, हातात फायलींचं बाड. दिसेल त्या प्रतिनिधीला गाठायचं आणि पटवायचं. डिसेंबर 1946 मध्ये आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा असल्याचा ठराव केला. तो मांडणारे देश होते क्यूबा, पनामा आणि आपला भारत. आपण अजून स्वतंत्रही झालो नव्हतो! आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. हे वाचताना मला खरंच भरून आलं.

9 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार 56 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. थोड्याच दिवसांत लेम्किन आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. सगळंच मनासारखं झालं नव्हतं. एखाद्या समाजाची संस्कृती नष्ट करणं हा भाग, जो त्यांना फार मोलाचा वाटे, मसुद्यातून वगळला गेला होता. पुढे येल आणि रटगर्स इथे शिकवलं, पण बराच वेळ देशोदेशींच्या सरकारांना करारासाठी पत्रं लिहिण्यातच गेला. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं ओढगस्तीत काढली. 28 ऑगस्ट 1959 ला न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. अंत्ययात्रेला मोजकी माणसं. आदल्याच दिवशी, 27 ऑगस्टला, भारताने तो करार रीतसर मान्य केला होता. अमेरिकेने करायला 1988 उजाडलं.

या कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात पहिली शिक्षा झाली 1998 मध्ये, रुआंडातल्या एका महापौराला. म्हणजे करार झाल्यावर 50 वर्षांनी! आणि रुआंडातली कत्तल 1994 ची, करार अस्तित्वात असताना झालेली. तेव्हा माझा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. कागदाने कत्तल थांबली नाही. पण कागद नसता तर त्या महापौरालाही तो कोंबड्यांचाच न्याय लागला असता.

ताईकडून आणखी एक गोष्ट कळली. हे संशोधन फक्त वकिलांचं नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे 1995 साली हजारो मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि पुरावा लपवायला प्रेतं उकरून दुसरीकडे पुरली गेली. ते सिद्ध झालं हवाई छायाचित्रांवरून, माती जुळवून आणि डीएनएवरून. म्हणजे सिव्हिलवाले, कॉम्प्युटरवाले, सगळ्यांना तिथे काम आहे. या खटल्यांचे निकाल आणि बरीचशी कागदपत्रं कुणालाही वाचायला खुली आहेत. एवढा कच्चा माल पडलाय, वाचणारे हवेत.

सुट्टी संपवून होस्टेलला परतलो. प्रोजेक्टसाठी सरांनी मला एका वर्कशॉपची तीन वर्षांची दुरुस्तीची रजिस्टरं उतरवून काढायला सांगितली होती. हे कारकुनी काम आहे म्हणून महिनाभर मी टाळत होतो. आल्या आल्या पहिलं रजिस्टर उघडलं.

ताईने पुन्हा अर्ज केलाय. अजून उत्तर आलेलं नाही. या वेळी तिच्या झेरॉक्सची बांधणी मी करून दिली.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी