कर्मवीर भाऊराव पाटील : मूठभर धान्याची शाळा

श्रीमंत दात्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शाळा आपल्या देशात पुष्कळ आहेत, आणि त्या दात्यांचे ऋण कोणी विसरू नये. परंतु ज्यांना स्वतःलाच उद्याच्या भाकरीची भ्रांत, अशा माणसांच्या मुठीतल्या धान्यावर शिक्षणाचा प्रचंड व्याप उभा करणारा पुरुष विरळाच. कर्मवीर भाऊराव पाटील हे असे पुरुष होते.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. एकदा अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील समारंभास ते हजर राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असा आग्रह झाला. भाऊरावांनी तो मानला नाही, आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळी राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला. महाराजांच्या सहवासात आणि सत्यशोधक विचारांच्या संस्कारांत या तरुणाचे मन घडले. मॅट्रिकची पायरी मात्र त्यांना चढता आली नाही. ज्याच्या हाताने पुढे सहस्रावधी मुले पदवीधर झाली, तो स्वतः पदवीवाचून राहिला!

१९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचा दबाव त्यांच्यावर आला. त्यांनी नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. उदरनिर्वाहासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते खेडोपाडी हिंडले. या भटकंतीत त्यांनी जे पाहिले, तेच त्यांच्या जीवनाचे ध्येय ठरले. खेड्यात शाळा नाही. शहरात शाळा आहे, पण तेथे राहण्याजेवण्याची सोय नाही. बुद्धिमान मुलगा गुरे राखतो आहे आणि त्याचा बाप सावकाराच्या कागदावर न वाचताच अंगठा उठवतो आहे. या दुःखाचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांनी ओळखले.

वारणाकाठच्या दूधगावी त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. पैसा कोणाजवळच नव्हता. तेव्हा गृहिणीने दळण जात्यात घालण्यापूर्वी त्यातील एक मूठ विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढावी, अशी साधी युक्ती निघाली. हाच मुष्टिफंड. एका मुठीने कोणाचे घर उपाशी राहत नाही, परंतु शेकडो मुठींनी वसतिगृहाची चूल पेटते. याहूनही मोलाची गोष्ट अशी, की ज्या मातेने मूठ दिली, तिला ती शाळा आपली वाटू लागली. ज्या शाळेत आपले धान्य पडले, तेथे आपलेही मूल जावे, हा विचार त्या मुठीबरोबरच घरात शिरला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यास आला आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व समाजांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. फुकट खाण्याची सवय कोणास लागू नये म्हणून प्रत्येकाने अंगमेहनत करावयाची असे. हातात कुदळ घेऊन मुलांनी खडकाळ माळ फोडले, भाजीपाला पिकविला, इमारतींसाठी दगडमाती वाहिली. कमवा आणि शिका ही योजना अशी घामातून जन्मास आली.

या यज्ञातील सर्वांत मोठी आहुती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. वसतिगृहातील मुलांच्या त्या आई झाल्या. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले. धान्य संपे तेव्हा अंगावरील एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. शाळांचा पुढील विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाही.

भाऊराव थांबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत व निवासी हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय. १९४८ साली मुंबई सरकारची नाराजी ओढवून संस्थेचे अनुदान बंद झाले. सरकारी मदतीवरच जगणारी संस्था असती, तर ती तेथेच संपली असती. पण रयतेने रयतेची संस्था जगविली. लोकांनी वर्गणी दिली, शाळा चालू राहिल्या आणि पुढे अनुदानही पूर्ववत झाले. त्या कसोटीच्या काळात मुष्टिफंडाचा खरा अर्थ सर्वांस कळला. १९५४ साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच नवे खोड बनून झाडाला आधार देतात. रयतचे कित्येक विद्यार्थी तिचेच शिक्षक झाले, हे पाहिले म्हणजे त्या चिन्हाची योग्यता पटते.

विद्यार्थी मित्रहो, ही केवळ साताऱ्याची कथा समजू नका. पोर्तुगीज अमदानीत आपल्या गोव्यातही देवळांच्या आवारात, अग्रशाळांत, गावकऱ्यांच्या वर्गणीवर मराठी शाळा चालत. मास्तरांच्या जेवणाची सोयही गावातील घरेच करीत. तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी पहिले अक्षर तेथेच गिरविले असेल. आपण बसतो त्या बाकामागे, वाचतो त्या पुस्तकामागे कोणाची तरी मूठ असतेच. ती कोणाची, हे घरी विचारून पाहा. आणि मोठे व्हाल तेव्हा आपली मूठ कोणत्या शाळेसाठी उघडावयाची, याचा विचार आजपासूनच करू लागा.